केक मधोमध का बसतो?

एका घरी धाकट्या मुलाचा वाढदिवस होता. बाजारातून केक आणण्याऐवजी या वर्षी तो घरीच करावा, असे त्याच्या तेरा वर्षांच्या बहिणीने ठरवले. घरात भट्टी नव्हती. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे वाळू घालून ती तापवावी, वाळूवर तिवई मांडावी, तिवईवर केकचे भांडे ठेवावे आणि वर घट्ट झाकण लावावे, अशी रीत शेजारच्या काकूंनी तिला सांगितली होती. साहित्य थोडेथोडके नव्हते. चार अंडी आणि लोणी, साखर व मैदा ही प्रत्येकी २०० ग्रॅम. त्यासाठी तिने दोन महिन्यांचे खाऊचे पैसे साठवले होते.

वीस मिनिटांनी झाकण उचलून पाहिले, तेव्हा केक फुगून भांड्याच्या काठापर्यंत आला होता. घरातील सर्वांनी वाकून तो पाहिला. थोड्या वेळाने आजी देवदर्शनाहून परतली, तेव्हा तिला दाखवण्यासाठी झाकण पुन्हा उचलले गेले. धाकट्याने आग्रह केला म्हणून ते तिसऱ्यांदाही उचलले. चाळिसाव्या मिनिटाला वरचा रंग चांगला तांबूस दिसला आणि केक बाहेर काढण्यात आला. सर्व घरभर सुवास पसरला. परंतु पाच मिनिटे होतात न होतात, तोच केकचा मध्यभाग हळूहळू खाली जाऊ लागला. मुसळधार पावसात जुन्या घराचे माळवद खचावे, तसा तो खचला आणि कडेचा तेवढा उंच काठ शिल्लक राहिला.

“ताई, मध्ये विहीर का केलीस?” धाकट्याने विचारले. कोणी म्हणाले, “हाताला यश नाही.” कोणी म्हणाले, “सर्वांनी टक लावून पाहिले, दृष्ट लागली.” कोणी सगळा दोष वाळूच्या माथी मारला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती काही बोलली नाही.

हाताचे यश आणि दृष्ट यांचा या विहिरीशी काहीएक संबंध नव्हता. केक फुगतो तो काही कारणांनी फुगतो आणि बसतो तोही काही कारणांनीच बसतो. ती कारणे समजली, म्हणजे बसलेला केकसुद्धा पुस्तकाप्रमाणे वाचता येतो.

केक म्हणजे मुळात काय? भाजण्यापूर्वी तो एक ओला फेस असतो. लोणी आणि साखर एकत्र फेटताना साखरेचे टोकदार कण लोण्यात फिरतात आणि प्रत्येक कणाबरोबर थोडी हवा आत ओढली जाते. पिवळसर लोणी फेटता फेटता पांढरे व हलके होते, ते या हवेमुळे. अंडी फेटली म्हणजे त्यांतही असाच फेस येतो. अशा रीतीने पिठाच्या प्रत्येक चमच्यात नजरेस न दिसणारे असंख्य बुडबुडे अडकून बसतात. केकची जाळी कशी पडणार, हे पुष्कळसे येथेच ठरते.

या बुडबुड्यांच्या मदतीला सोडा किंवा बेकिंग पावडर येते. सोड्याला आंबट पदार्थाची जोड मिळाली, म्हणजे त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. खमंग ढोकळ्याच्या पिठात लिंबाचा रस आणि सोडा पडताच ते फसफसू लागते, ते या वायूमुळेच. सोडा आणि कोरडा आंबट क्षार ही दोन्ही एकाच डब्यात एकत्र करून ठेवली, म्हणजे झाली बेकिंग पावडर. ती ओली झाली आणि तापली की वायू सोडते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते राहत. त्यांच्या पत्नीला यीस्ट घालून फुगवलेला पाव सोसत नसे. तिला खाता येईल असा पाव व्हावा, म्हणून त्यांनी १८४३ मध्ये अशी पावडर सिद्ध केली. एका घरातील अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे घरोघर पोहोचली.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करीत नाही. तिच्यातून सुटणारा वायू फेटताना आधीच अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांत शिरतो आणि त्यांनाच मोठे करतो. म्हणून फेटण्यात आळस केला, तर पावडर वाढवून ती उणीव भरून निघत नाही.

आता हा फेस उष्णतेत गेला, म्हणजे काय होते ते पाहू. एकाच वेळी तीन गोष्टी घडू लागतात. पहिली अशी की, बुडबुड्यांतील हवा तापून प्रसरण पावते. ३० अंश सेल्सिअसची हवा ९० अंशांपर्यंत तापली, तर तिचे आकारमान सुमारे एकपंचमांशाने वाढते. दुसरी अशी की, सोड्यातून वायू सुटत राहतो. तिसरी गोष्ट सर्वांत बलवान आहे. पिठातील पाण्याची वाफ होऊ लागते, आणि एक चमचा पाण्याची पूर्ण वाफ झाली, तर ती सुमारे सोळाशे चमचे जागा व्यापते. पिठातील पाण्याचा लहानसा अंशच वाफ होऊन बुडबुड्यांत शिरतो. पण तेवढाही केक उचलण्यास पुरेसा असतो.

नुसते फुगणे मात्र पुरेसे नाही. साबणाचा फुगाही मोठा होतो, परंतु तो टिकत नाही. केक टिकायचा, तर बुडबुड्यांच्या भोवतालच्या भिंती घट्ट झाल्या पाहिजेत. हे काम अंड्यातील प्रथिने आणि मैद्यातील पिष्ट ही दोन द्रव्ये करतात. अंडे उकडले म्हणजे पातळ बलक घट्ट होतो. खळ शिजवली म्हणजे पिठाचे पाणी दाट होते. तेच येथे घडते. फरक एवढाच की, केकमध्ये साखर पुष्कळ असते आणि साखर या दोन्ही क्रियांना उशीर लावते. एरवी ६० ते ७० अंशांच्या सुमारास घट्ट होऊ लागणारे अंडे आणि फुगू लागणारे पिष्ट केकच्या गोड पिठात ८० अंशांच्याही पुढे जाईपर्यंत थांबून राहते. केक पूर्ण भाजला जातो, तेव्हा त्याच्या मध्यभागाचे तापमान सुमारे ९५ ते ९८ अंश झालेले असते.

घरावर स्लॅब घालताना खाली फळ्या आणि टेकू लावतात. काँक्रीट ओले असते तोवर त्याचा सारा भार टेकूंवर असतो. ते पुरते घट्ट झाले, म्हणजे टेकू काढून घेतले तरी स्लॅब जागचा हलत नाही. पण घाईने टेकू आधीच काढले, तर छप्पर खाली येते. केकमध्ये वायू आणि वाफ हे टेकू होत आणि अंडे व पिष्ट यांच्या भिंती हे काँक्रीट होय. वायू आधी काम संपवून निघून गेला आणि भिंती मागाहून घट्ट व्हायच्या राहिल्या, की केक बसतो. केक बसण्याची जेवढी म्हणून कारणे सांगितली जातात, त्यांतील बहुतेक सर्व या एका वाक्यात सामावतात.

भिंती घट्ट होताना आणखी एक सूक्ष्म बदल होतो. ओल्या पिठात प्रत्येक बुडबुडा बंद खोलीसारखा असतो. भिंती घट्ट झाल्या म्हणजे त्यांना जागोजागी बारीक छिद्रे पडतात आणि सर्व खोल्या एकमेकींना जोडल्या जातात. फेसाचा स्पंज होतो तो असा. असा केक निवताना आतील वाफेचे पाणी होते व हवा आकसते. परंतु बाहेरची हवा छिद्रांवाटे आत शिरून तिची जागा भरून काढते. त्यामुळे चांगला भाजलेला केकही निवताना किंचित खाली येतो, पण तेवढेच. कच्च्या केकात खोल्या बंद असतात. आतील वायू आकसला, की बाहेरच्या हवेचा दाब त्याच्या मऊ भिंती खाली दाबतो.

मग केक कडेने उभा राहतो आणि मध्येच का बसतो? उष्णता बाहेरून आत जाते. भांड्याचा तापलेला पत्रा प्रथम कडेचे पीठ शिजवतो. तेथून उष्णतेने मध्याकडे जायचे, तर वाटेत बुडबुड्यांनी भरलेले पीठ आडवे असते. लोकरीत अडकलेली हवा थंडीच्या दिवसांत अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. त्याचप्रमाणे पिठातील बुडबुडे उष्णतेला चटकन आत जाऊ देत नाहीत. म्हणून काठ घट्ट होऊन चुकतो, तेव्हा मध्यभाग पातळच असतो. सर्वांत उशिरा शिजणारी जागा तीच आणि म्हणून सर्वांत आधी खचणारी जागाही तीच.

ही अडचण स्वयंपाकघराला नवी नाही. मेदुवड्याच्या मध्यभागी भोक पाडतात, ते तेलाने आतूनही तळावे म्हणून. थालीपीठ थापताना त्याला बोटाने भोके पाडतात आणि त्यांत तेल सोडतात, तेही त्याचसाठी. जर्मनी आणि ऑस्ट्रिया या देशांत मधोमध पोकळ नळी असलेल्या साच्यांत गुगलहुप्फ नावाचा केक भाजतात. नळीमुळे उष्णता मध्यातूनही मिळते, आणि जो मध्यभाग खचायचा तो मुळी उरतच नाही.

केक खचवणारे दोष कोणते, हे आता सहज सांगता येईल. पहिला दोष झाकण किंवा भट्टीचे दार लवकर उघडण्याचा. झाकण उचलताच तापलेली हवा बाहेर पडते आणि आतील उष्णता एकदम उतरते. बुडबुडे आकसतात, वाफेचे पाणी होते आणि कच्च्या भिंती खाली बसतात. झाकण परत ठेवले, तरी खचलेला भाग पहिल्यासारखा उचलला जाईलच असे नाही, कारण तोपर्यंत सोड्याचा पुष्कळसा वायू खर्ची पडलेला असतो. म्हणून नेमलेल्या वेळेचा तीनचतुर्थांश भाग होईपर्यंत आत डोकावू नये, असे जाणते सांगतात.

दुसरा दोष केक वेळेआधी बाहेर काढण्याचा. आच मोठी असली, तर वरचा रंग लवकर तांबूस होतो आणि केक झाला असे वाटते. पण रंग ही कातडीची खूण आहे, पोटाची नव्हे. पोटाची खूण पाहायची, तर मधोमध एक बारीक स्वच्छ काडी खुपसून काढावी. तिला ओले पीठ चिकटले, तर भाजणे अपुरे आहे. ही परीक्षा कडेला घेऊन उपयोग नाही, कारण कड तर केव्हाच शिजलेली असते.

तिसरा दोष सोड्याच्या लोभाचा. थोड्या सोड्याने केक फुगतो, तर अधिक सोड्याने अधिक फुगेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात अधिक वायूने बुडबुडे फार मोठे होतात, एकमेकांत मिसळतात, वर जाऊन फुटतात आणि भिंती घट्ट होण्यापूर्वीच टेकू नाहीसे होतात. सुमारे १२० ग्रॅम मैद्याला चहाचा एक ते सव्वा चमचा बेकिंग पावडर पुरते. नुसता सोडा तिच्याहून तीन ते चार पट तीव्र असल्यामुळे तो पाव चमचाच पुरे. या दोहोंत गल्लत झाली, तर केक खचतोच, शिवाय त्याला साबणासारखी कडवट चव येते.

चौथा दोष साखर किंवा लोणी वाढवण्याचा. साखर भिंतींना घट्ट होण्यास उशीर लावते, हे वर आलेच आहे. लोणी फार झाले म्हणजे भिंती मऊ राहतात. अधिक गोड आणि अधिक खुसखुशीत करण्याच्या नादात केकचे हाडच दुबळे होते. पाचवा दोष भांड्याचा. लहान व खोल भांडे काठोकाठ भरले, तर मध्यभागापर्यंतची वाट लांब होते आणि उष्णता तेथे फार उशिरा पोहोचते.

याखेरीज एक कारण असे आहे, की ज्यात करणाऱ्याचा काहीच दोष नसतो. ते म्हणजे गावाची उंची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे एकसप्तमांशाने कमी असतो आणि पाणी ९५ ते ९६ अंशांनाच उकळते. वरून दाबणारी हवा विरळ असल्यामुळे बुडबुडे अधिक फुगतात; शिवाय पाणी लवकर उकळून वाफेवाटे उष्णता निघून जाते, म्हणून भिंती घट्ट होण्यास उशीर लागतो. टेकू लवकर सुटतात आणि काँक्रीट मागे राहते. त्यामुळे मुंबईत उत्तम जमलेला केक त्याच मापाने महाबळेश्वरी केला, तर तो खचण्याचा संभव असतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात अनेक गावे याहून उंच आहेत. तेथील फोर्ट कॉलिन्सच्या कृषी महाविद्यालयात हवेचा दाब कमीजास्त करता येईल अशा बंद खोलीत केक भाजून १९२० ते १९३० या दशकात या प्रश्नाचा अभ्यास झाला. उंच गावी बेकिंग पावडर आणि साखर थोडी कमी करावी, पाणी किंवा दूध थोडे वाढवावे, हा त्यावरचा उपाय आहे.

बसलेला केक पुस्तकाप्रमाणे वाचता येतो, तो असा. सुरीने मधोमध कापून पाहावे. भोके मोठी व ओबडधोबड, रंग काळपट आणि चव साबणासारखी असेल, तर सोडा अधिक झाला. वरची कातडी चकचकीत व चिकट असेल, तर साखर अधिक झाली. खळग्याखाली गच्च, ओला थर असेल, तर भाजणे अपुरे राहिले किंवा मध्येच उष्णता तुटली.

वाढदिवसाच्या त्या केकची गोष्ट येथे पूर्ण केली पाहिजे. आजीने नातीला जवळ बोलावले आणि म्हणाली, “अगं, रडतेस कशाला? आधी कापून तर बघ, आत काय झालंय ते.” मुलीने केक कापला. कडेची जाळी बारीक आणि सारखी होती, रंग फिकट पिवळा होता, चव गोड होती. म्हणजे सोडा आणि साखर निर्दोष ठरली. खळग्याखाली मात्र बोटभर ओले पीठ निघाले. संशय दोघांवर आला, तीनदा उचललेल्या झाकणावर आणि चाळीस मिनिटांच्या वेळेवर. ओले पीठ काढून टाकून आजीने त्या जागी आंब्याचा मुरांबा भरला आणि त्या संध्याकाळी केकचा कणही उरला नाही.

मुलीने वहीत सर्व मापे आणि वेळा लिहून ठेवल्या. पुढच्या खेपेला साहित्य निम्मे घ्यावे, म्हणजे खर्च वाचेल, असे तिच्या मनात आले. पण त्याच भांड्यात निम्मे पीठ घातले, तर केकची जाडी बदलेल. मग सुधारणा झाली, तरी ती कशाने झाली हे कसे कळणार? तिने महिनाभर पैसे साठवले आणि पूर्वीच्याच मापाने केक केला. फक्त चाळीस मिनिटे झाकणाला कोणी हात लावला नाही. या वेळी खळगा पडला, पण तो पहिल्याच्या निम्माही नव्हता. म्हणजे एक चोर सापडला, दुसरा अजून मोकळा होता. आणखी एक महिना गेला. तिसऱ्या खेपेला झाकण तसेच राहिले आणि चाळिसाव्या मिनिटापासून काडीची परीक्षा सुरू झाली. काडी कोरडी निघाली, ती बावन्नाव्या मिनिटाला.

केक निवला, तरी सपाट राहिला. हाताला यश नाही असे म्हणणाऱ्यांनी तो दोनदा मागून घेतला. धाकटा मात्र आपल्या तुकड्याकडे पाहून खट्टू झाला. “ताई,” तो म्हणाला, “मुरांब्याची विहीर कुठे गेली?”